प्रकाशाची मात्रा आणि कॅमेऱ्यातील ‘ब्रॅकेटिंग’

छायाचित्राविषयी बोलावयाचे आणि छायाचित्र मात्र एकही दाखवावयाचे नाही, अशी नभोवाणीवरून बोलणाऱ्याची थोडी चमत्कारिक स्थिती असते. आजच्या विषयापुरती ही अडचण मला फारशी भासणार नाही. कारण ज्या छायाचित्रांविषयी मी बोलणार आहे ती, श्रोतेहो, आपणांपैकी बहुतेकांच्या घरी आहेतच. खिडकीपाशी बसलेल्या आजीचे चित्र असते. त्यात खिडकीबाहेरचा आंबा पानापानांनिशी स्पष्ट आलेला असतो आणि आजी मात्र काळ्या कागदातून कातरून ठेवल्यासारखी दिसते. लग्नातले चित्र असते. त्यात नवरीचे मुख पिठासारखे पांढरे आणि तिच्या मागचा, हौसेने शृंगारलेला मांडव काळोखात बुडालेला. पंढरीच्या वाटेवरील दिंडीचे चित्र असते. त्यात धोतरे, सदरे, टोप्या सारे काही जणू राखेत बुचकळून काढलेले. ‘कॅमेरा बरा नाही’ असे म्हणून आपण ते चित्र बाजूला ठेवतो. पण आजी पुढील वर्षी त्या खिडकीपाशी बसलेली असेलच असे नाही, आणि लग्न काही दुसऱ्यांदा लागत नाही. म्हणून या बिघाडाचे कारण काय, आणि त्यावर आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात जी एक योजना करून ठेवलेली असते ती केव्हा वापरावी व केव्हा वापरू नये, एवढे आज सांगण्याचा विचार आहे.

प्रथम कारण पाहू. कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारे एक साधन असते. त्याला मीटर म्हणतात. हे मीटर वस्तूवर पडलेला प्रकाश मोजीत नाही; वस्तूवरून परतून भिंगात शिरलेला प्रकाश मोजते. आता परतलेला प्रकाश थोडा असेल, तर वस्तू काळी आहे म्हणून तो थोडा, की जागा अंधारी आहे म्हणून थोडा, हे केवळ मापावरून कळण्यास मार्ग नाही. म्हणून मीटर करणाऱ्यांनी त्याला एक गृहीत देऊन ठेवले आहे. ते असे की, समोरच्या दृश्यातील काळे-पांढरे सर्व एकत्र कालविले तर मध्यम राखी रंग तयार होतो. पडलेल्या प्रकाशाचा सुमारे १८ टक्के भाग परत फेकणारा राखी पुठ्ठा छायाचित्रकार प्रमाण म्हणून जवळ बाळगतात, तो याच कल्पनेचा. अशा मीटरपुढे चुन्याने रंगविलेली भिंत धरावी. ते म्हणते, ‘प्रकाश फार झाला, आवरा’, आणि भिंत राखी होते. त्याच्यापुढे म्हैस उभी करावी. ते म्हणते, ‘अंधार आहे, वाढवा’, आणि म्हैसही राखी होते. म्हशीला व भिंतीला एकाच रंगात आणून बसविणारा हा समभाव अध्यात्मात शोभेल, छायाचित्रात शोभत नाही.

अलीकडचे मीटर याहून पुष्कळ शहाणे झालेले आहे हे कबूल केले पाहिजे. ते दृश्याचे अनेक तुकडे पाडून प्रत्येकाचे निराळे माप घेते, चेहरा ओळखते, बर्फ की सूर्यास्त याचाही अंदाज बांधते. त्यामुळे चुका कमी झाल्या. परंतु एक प्रश्न असा उरतो की जो मापण्याचा नव्हेच. त्या खिडकीतील आजीचे चित्र आपणांस तिच्या मुखावरील सुरकुती न् सुरकुती दिसेल असे हवे आहे, की उजेडाच्या चौकटीत बसलेली तिची केवळ आकृती हवी आहे? दोन्ही चित्रे चांगली होऊ शकतात. यांतील कोणते आपल्या मनात आहे हे मीटरने कोठून जाणावे?

छायाचित्रास जेवढा प्रकाश द्यावयाचा त्याला इंग्रजीत एक्स्पोजर म्हणतात. मी त्याला प्रकाशमात्रा म्हणेन. वैद्याच्या मात्रेसारखीच तीही कमी पडली तर गुण येत नाही आणि जास्त झाली तर अपाय होतो. ही मात्रा ठरविणाऱ्या कळा तीन. शटर किती वेळ उघडे राहते ही पहिली, भिंगाचे छिद्र केवढे मोठे आहे ही दुसरी, आणि आय.एस.ओ. या अक्षरांनी दाखविली जाणारी संवेदनक्षमता ही तिसरी. ही तिसरी कळ खरे पाहता प्रकाश वाढवीत नाही, आलेल्या प्रकाशाच्या नोंदीची पट वाढविते. तरी हिशेबाला ती इतर दोहोंसारखीच धरतात. प्रकाश दुप्पट झाला किंवा निम्मा झाला की एक ‘स्टॉप’ झाला असे म्हणावयाचे. शटर १/६० सेकंदाऐवजी १/३० ठेवले की एक स्टॉप वाढला. छिद्राचे आकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात व त्यांत प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. आकडा मोठा तसे छिद्र लहान, ही उलटी रीत नवशिक्याने एकदा घोकूनच टाकावी.

आता आपल्या विषयाकडे येऊ. ब्रॅकेट म्हणजे कंस. एकाच दृश्याची एकाऐवजी तीन चित्रे घ्यावयाची. एक मीटर सांगेल त्या मात्रेचे, एक त्याहून कमी मात्रेचे आणि एक अधिक मात्रेचे. म्हणजे योग्य मात्रा या कंसात कोठे तरी सापडतेच. तोफखान्यातही हाच शब्द आहे. एक गोळा लक्ष्याच्या पलीकडे टाकावयाचा, एक अलीकडे, आणि मग मधले अंतर धरावयाचे. फिल्मच्या काळी पारदर्शिका काढणारे छायाचित्रकार या रीतीचा फार आश्रय करीत. कारण त्या फिल्मला अर्ध्या स्टॉपची चूकही सोसत नसे, आणि चूक झाली हे कळावयास फिल्म धुऊन येईपर्यंत थांबावे लागे. तीन चित्रे म्हणजे तिप्पट फिल्म, अर्थात तिप्पट खर्च. डिजिटल कॅमेऱ्याने हा खर्च पार पुसून टाकला. चित्र फुकट झाले आणि तत्क्षणी दिसूही लागले. परंतु म्हणूनच एक निराळी खोड लागण्याचा संभव उत्पन्न झाला आहे. प्रत्येक गोष्टीची तीन तीन चित्रे घेत सुटावयाचे आणि विचार करण्याचे काम घरी गेल्यावरच्या निवडीवर टाकावयाचे, ही ती खोड. ब्रॅकेटिंगचा उपयोग विचाराच्या ऐवजी करावयाचा नसून विचारासाठी करावयाचा आहे. तो प्रकाशाला विचारलेला एक प्रश्न आहे. आणि प्रश्न वेळेपूर्वी विचारावा लागतो.

या योजनेत तीन गोष्टी ठरवावयाच्या असतात. चित्रे किती, दोन चित्रांत अंतर किती, आणि क्रम कोणता. बहुतेक कॅमेऱ्यांत तीन चित्रांची सोय असते. काहींत पाच, सात, नऊ अशीही असते. अंतर एक तृतीयांश स्टॉपापासून दोन-तीन स्टॉपांपर्यंत ठेवता येते. क्रम मूळचा बहुधा असा असतो की आधी मीटरचे चित्र, मग कमी मात्रेचे, मग अधिक मात्रेचे. हा बदलून कमीपासून अधिकाकडे असा चढता लावता येतो, आणि घरी चित्रे पाहताना तो चढता क्रमच सोयीचा वाटतो. एकेक चित्र घेण्याची पद्धत लावली असेल तर बटण तीन वेळा दाबावे लागते; सलग चित्रांची पद्धत लावून बटण धरून ठेवले की तिन्ही चित्रे एका दमात होतात व कॅमेरा आपण होऊन थांबतो.

अंतराविषयी माझे मत स्पष्ट आहे. एक तृतीयांश स्टॉपाचे अंतर हा त्या पारदर्शिकांच्या काळाचा वारसा होय. आज जो कॅमेऱ्यात ‘रॉ’ म्हणजे कच्ची, असंस्कारित नोंद ठेवतो, त्याला एवढा फरक मागाहून संगणकावर बिनबोभाट करता येतो. त्यासाठी तीन चित्रे घेणे म्हणजे केवळ निवडण्याचे काम वाढविणे. ‘जेपेग’ या तयार नमुन्यात चित्रे घेणाऱ्याने फार तर दोन तृतीयांश स्टॉप ठेवावा. एरवी एक स्टॉप हे उत्तम अंतर. त्यात चित्रांतील फरक डोळ्यांना तत्काळ दिसतो, आणि दिसला नाही तर त्या प्रश्नाला अर्थच नाही.

मग कच्च्या नोंदीत सर्वच सुधारता येत असेल तर हा खटाटोप हवाच कशाला, असे कोणी विचारील. याचे उत्तर पर्जन्यमापकाच्या दृष्टांताने देता येईल. कॅमेऱ्याच्या संवेदक पट्टीवर लक्षावधी, हल्ली तर कोट्यवधी, सूक्ष्म घरे असतात आणि प्रत्येक घर हे प्रकाशाचा पाऊस साठविणारे एक पर्जन्यमापक असते. भांडे भरून वाहू लागले की त्यानंतर किती पाऊस पडला याची नोंद कोठेच राहत नाही. उलट, तळाशी दोनच थेंब पडले असतील तर ते मोजता येतात. मात्र भांड्याच्या ओलाव्याचीच चूक त्या दोन थेंबांइतकी मोठी होऊन बसते. म्हणून अंधारे चित्र मागाहून उजळले तर निभावते, पण त्यात कण कण दिसू लागतात. आणि अति उजळ चित्रात नथीच्या मोत्यावरची छटा एकदा वाहून गेली की कोणतीही विद्या ती परत आणीत नाही. असे असल्यामुळे शंका असेल तेथे कंस दोन्ही बाजूंना सारखा न टाकता थोडा कमी मात्रेकडे झुकता ठेवणे शहाणपणाचे असते. त्यासाठी मात्राभेदाची कळ, जिला ‘एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन’ म्हणतात, ती अर्धा-एक स्टॉप खाली नेऊन मग ब्रॅकेटिंग लावावे. सबंध कंसच खाली सरकतो.

मात्रा बदलताना कॅमेरा तीनपैकी कोणती कळ फिरवितो, याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष असते. छिद्र आपण ठरविले व शटर कॅमेऱ्यावर सोपविले, तर शटर बदलते. शटर आपण ठरविले तर छिद्र बदलते. आणि छिद्र बदलले की चित्रातील स्पष्टतेची खोलीही बदलते, म्हणजे एका चित्रात मागची भिंत स्पष्ट व दुसऱ्यात पुसट असा प्रकार होतो. आय.एस.ओ. कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडलेली असेल तर काही कॅमेरे तीही हलवितात. तीन चित्रे तुलनेसाठी घ्यावयाची तर त्यांत एकच गोष्ट बदललेली असली पाहिजे, हा प्रयोगशाळेतला साधा नियम येथेही लागू आहे. म्हणून छिद्र व आय.एस.ओ. आपण कायम करावे आणि शटर तेवढे बदलू द्यावे. सर्वात दीर्घ चित्रासाठी शटर फार वेळ उघडे राहणार असेल तर कॅमेरा तिपाईवर ठेवावा.

तिन्ही चित्रांतून एक निवडावयाचे, हा या रीतीचा एक उपयोग. दुसरा उपयोग तिन्ही एकत्र सांधावयाचे, हा. जुन्या वाड्याच्या माजघरात उभे राहून चौकातील ऊन व माजघरातील कोनाडा एकाच चित्रात आणावयाचा, तर दोहोंमधील तफावत संवेदक पट्टीच्या आवाक्याबाहेर जाऊ शकते. ही अडचण फार जुनी आहे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे या छायाचित्रकाराने १८५७ च्या सुमारास समुद्राची चित्रे करताना आकाशाची काच निराळी व पाण्याची काच निराळी घेऊन दोन्हींचा मिळून एक कागदी ठसा काढला होता. संगणकावर हीच गोष्ट गणिताने कशी करावी हे १९९७ साली अमेरिकेत पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी दाखवून दिले, आणि आज खिशातील फोनसुद्धा ती आपल्याला नकळत करीत असतो. या कामाला दोन स्टॉपांचे अंतर चालते. तिपाई मात्र हवी आणि दृश्य निश्चल हवे. माजघरातील झोपाळा हलत असेल तर तो तीन ठिकाणी उमटतो. आणि सांधता येते म्हणून वाटेल तेथे सांधू नये असेही मला वाटते. कोनाड्यातला काळोख सबंध उजळून टाकला की वाड्याचे चित्र साडीच्या दुकानासारखे दिसू लागते.

येथवर एका प्रकाशाची गोष्ट झाली. फ्लॅश लावला की प्रकाश दोन होतात, आणि छायाचित्रकारांचा सर्वात अधिक गोंधळ येथेच उडतो. १८८७ साली मिएथे आणि गेडिके या जर्मन गृहस्थांनी मॅग्नेशियमची भुकटी पेटवून चमक पाडण्याची युक्ती काढली, तेव्हा एका चित्रासरशी खोली धुराने भरून जाई. तेथे ब्रॅकेटिंगची भाषा कोण करणार? अमेरिकेतील हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास विजेच्या चमकेचा फ्लॅश छायाचित्रणात आणला, त्याचाच वंशज आज कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसलेला असतो.

या चमकेचा स्वभाव नीट समजून घेतला पाहिजे. ती पूर्ण शक्तीने साधारणतः एक सहस्रांश सेकंदाच्या आगेमागे टिकते, आणि शक्ती कमी केली की त्याहून कितीतरी कमी. शटर १/६० सेकंद उघडे असो की १/१५, चमक मध्येच केव्हा तरी येऊन जाते. तिला शटरच्या वेळेशी कर्तव्य नसते. याचा अर्थ असा की, शटर अधिक वेळ उघडे ठेवले तर मागचा मांडव उजळतो, पण चमकेने उजळलेला चेहरा होता तसाच राहतो. छिद्र व आय.एस.ओ. यांचा परिणाम मात्र दोन्ही प्रकाशांवर होतो. शटर फार जलद करण्यास एक मर्यादा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत ती १/२०० किंवा १/२५० सेकंद असते व तिच्यापलीकडे विशेष योजना करावी लागते. शिवाय चमकेचा प्रकाश अंतराने झपाट्याने विरतो; एका मीटरवर जेवढा, त्याच्या चौथा हिस्सा दोन मीटरवर. म्हणूनच पुढे उभी असलेली नवरी पांढरी पडते आणि मांडव काळा.

आजचा स्वयंचलित फ्लॅश खऱ्या चमकेच्या आधी एक बारीक चमक टाकून परतलेला प्रकाश मोजतो व त्यावरून शक्ती ठरवितो. अर्थात म्हशीचा आणि भिंतीचा जो घोटाळा मघाशी सांगितला तो येथेही आहेच. पांढरे उपरणे, साडीचा जरीकाठ, मागे मांडलेली पितळेची भांडी, यांवरून बारीक चमक उसळून परतली की फ्लॅश समजतो प्रकाश पुष्कळ झाला, आणि हात आखडता घेतो. म्हणून फ्लॅशच्या शक्तीचेही ब्रॅकेटिंग करण्याची सोय ठेवलेली असते. निकॉनच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत, ब्रॅकेटिंग केवळ दृश्याच्या मात्रेचे हवे, केवळ फ्लॅशचे हवे, की दोहोंचे एकदम, असे तीन पर्याय दिलेले असतात. कॅननच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत फ्लॅश सज्ज होताच साधे ब्रॅकेटिंग रद्द होते, आणि फ्लॅशचे ब्रॅकेटिंग त्या कंपनीच्या मोठ्या बाह्य फ्लॅशवर निराळे लावावे लागते. आपल्या कॅमेऱ्यासोबत आलेली पुस्तिका कोणी वाचीत नाही हे मला ठाऊक आहे. या एका प्रकरणापुरती ती वाचावी.

दोहोंचे एकदम, हा पर्याय माझ्या मते टाळावा. चेहरा व पार्श्वभूमी एकाच वेळी बदलली की कोणत्या प्रकाशाने काय केले हे कळत नाही. दोन प्रकाश, तर प्रश्नही दोन, आणि तेही निरनिराळे विचारावे.

एक उदाहरण घेऊन सांगतो. दिवेलागणीची वेळ आहे. अंगणात तुळशीवृंदावन आहे. घरातील सून पणती घेऊन येणार, ती वृंदावनापाशी ठेवणार आणि हात जोडणार. मागे आकाशात अजून निळा उजेड आहे. हे चित्र आपणांस हवे आहे; आकाशाची निळाई राहावी, पणतीची ज्योत जिवंत दिसावी आणि मुद्राही ओळखू यावी. ती बाहेर येण्यापूर्वी पाव तास आधी आपण अंगणात जावे. पहिला प्रश्न आकाशाचा, फ्लॅश बंद. समजा, आय.एस.ओ. ८०० आहे, छिद्र एफ ४ आहे व मीटर म्हणते की शटर १/३० सेकंद ठेवा. एक स्टॉपाचे ब्रॅकेटिंग लावले की १/३०, १/६० आणि १/१५ अशी तीन चित्रे मिळतात. १/१५ चे चित्र भर दुपारसारखे दिसेल. मीटरच्या १/३० च्या चित्रातही सांजवेळ हरवलेली असेल. कारण मीटरला सांजवेळही मध्यम राखीच करावयाची असते. १/६० च्या चित्रात मात्र निळाई गडद होऊन संध्याकाळ संध्याकाळच दिसते. हे उत्तर मिळाले. कॅमेरा आता मॅन्युअलवर, म्हणजे संपूर्ण आपल्या हातात घ्यावा आणि ८००, एफ ४, १/६० असे कायम करून टाकावे.

दुसरा प्रश्न मुद्रेचा. घरातील एखाद्या पोराला पणती देऊन त्याच जागी उभे करावे. पोरे या कामास आनंदाने तयार असतात, निदान पहिल्या दोन चमकांपर्यंत. फ्लॅशची मात्रा एक स्टॉप खाली घेऊन त्याभोवती एकेका स्टॉपाचे ब्रॅकेटिंग लावावे. म्हणजे उणे दोन, उणे एक आणि शून्य अशी तीन चित्रे होतील. शून्याच्या चित्रात चेहरा नाटकाच्या फूटलाइटमध्ये उभा असल्यासारखा दिसेल आणि पणती निव्वळ शोभेची वाटेल. उणे दोनच्या चित्रात पणतीचा पिवळा उजेड गालावर स्पष्ट राहील, पण डोळे कदाचित बुडतील. उणे एक व उणे दोन यांच्या दरम्यान कोठे तरी आपले उत्तर असते. फ्लॅशच्या तोंडाशी नारिंगी रंगाचा पातळ पापुद्रा लावला तर त्याचा थंड, निळसर उजेड पणतीच्या रंगाशी जमतो; आणि झोत सरळ मुखावर न टाकता जवळच्या पांढऱ्या भिंतीवर टाकून परतविला तर तो फ्लॅशचा आहे हेही सहसा ओळखू येत नाही.

ही तीन चित्रे घेताना एक सावधगिरी हवी. प्रत्येक चमकेनंतर फ्लॅशला पुन्हा वीज साठवावयास वेळ लागतो; मोठ्या चमकेनंतर तो काही सेकंदांचाही असतो. तिन्ही चित्रे एका दमात घेतली तर तिसरे चित्र काळे येण्याचा संभव आहे, आणि आपण समजतो की ते ब्रॅकेटिंगचे कमी मात्रेचे चित्र. म्हणून येथे एकेक चित्र घ्यावे आणि फ्लॅशवरील सज्जतेचा दिवा लागल्यावरच पुढचे घ्यावे.

आता खरी गंमत पाहा. आपली तयारी झाली, पण सूनबाईंना यावयास दहा मिनिटे उशीर झाला. आपल्या अक्षांशावर सूर्यास्तानंतरच्या वीस-बावीस मिनिटांत आकाशाचा उजेड सरासरीने दर तीन-चार मिनिटांना निम्मा होत जातो. म्हणजे दहा मिनिटांत जवळजवळ तीन स्टॉप उतरले. सर्व गणित चुकले काय? मुळीच नाही. फ्लॅशच्या प्रश्नाचे उत्तर होते तसेच आहे. कारण अंतर तेच, छिद्र तेच, आय.एस.ओ. तीच, आणि चमकेला आकाशाशी काही देणेघेणे नाही. आकाशाचा प्रश्न तेवढा पुन्हा विचारावयाचा आहे, व त्याचे उत्तर केवळ शटरने द्यावयाचे आहे. १/६० चे १/३० करावे, १/१५ करावे, १/८ करावे. चेहरा जागच्या जागी राहतो आणि मागची निळाई परत येते. एवढ्या दीर्घ शटराला तिपाई लागेल आणि हात जोडणाऱ्या व्यक्तीला क्षणभर स्थिर राहावे लागेल हे खरे. पण देवापुढे हात जोडलेला माणूस तेवढा स्थिर राहतोच. ज्याने दोन्ही प्रश्न एकत्र विचारले होते त्याला येथे सर्व काही पहिल्यापासून करावे लागते, आणि तोवर पणती ठेवून झालेली असते.

प्रत्यक्ष त्या क्षणी मात्र ब्रॅकेटिंग बंद असले पाहिजे. अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात, दोघांची दृष्टादृष्ट होते. हा सारा व्यवहार काही सेकंदांत आटोपतो. येथे जो ब्रॅकेटिंग चालू ठेवतो त्याच्या तीनपैकी एकाच चित्राची मात्रा बरोबर असते, आणि नवरीचे डोळे नेमके त्याच चित्रात मिटलेले निघतात. क्षण एक आहे तेथे प्रत्येक चित्राची मात्रा योग्यच हवी. मंगलाष्टके सुरू होण्यापूर्वी, भटजी मांडामांड करीत असतात त्या अवधीत आपले दोन्ही प्रश्न विचारून ठेवावेत, आणि मग कॅमेऱ्याकडे न पाहता माणसांकडे पाहावे.

आणि कधी कधी प्रश्न विचारावयासही सवड नसते. अमेरिकेतील विख्यात छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स १९४१ साली न्यू मेक्सिको प्रांतात हर्नांडेझ या खेड्यावरून मोटारीने जात होते. मागे ढग, वर उगवलेला चंद्र आणि खाली दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचे शेवटचे ऊन, असे दृश्य दिसताच त्यांनी गाडी थांबविली व आपला अवजड कॅमेरा घाईघाईने उभारला. पण मीटर काही केल्या सापडेना. चंद्राच्या पृष्ठाची उज्ज्वलता दर चौरस फुटास सुमारे २५० कँडल असते हे त्यांना पाठ होते. त्या एका आकड्यावरून त्यांनी मनातल्या मनात मात्रा बसविली आणि एक चित्र घेतले. संरक्षण म्हणून दुसरे घ्यावे यासाठी ते फिल्मचा धारक उलटवीत आहेत तोच क्रुसांवरचे ऊन नाहीसे झाले. जे एक चित्र मिळाले ते आज जगातील अत्यंत प्रसिद्ध छायाचित्रांपैकी एक आहे. त्यांनी ज्या आकड्यावर भिस्त ठेवली तो काही त्या सायंकाळी सुचलेला नव्हता. चंद्र त्यांनी पूर्वीच मोजलेला होता. आपणांस चंद्र मोजण्याचे कारण नाही. आपल्या घराची ओसरी सकाळी दहा वाजता कोणती मात्रा मागते, देवघरातील समईला कोणती लागते, भिंतीपासून अमुक अंतरावर आपल्या फ्लॅशची शक्ती किती ठेवावी, एवढे चार आकडे ब्रॅकेटिंग करून एखाद्या रविवारी काढून ठेवावेत. माझ्या समजुतीप्रमाणे या योजनेचा याहून चांगला उपयोग नाही.

घेतलेली तीन चित्रे तपासताना कॅमेऱ्याच्या पडद्यावरील उजेडावर विसंबू नये. उन्हात तोच पडदा अंधारा वाटतो व रात्री भडक. त्याऐवजी हिस्टोग्राम नावाचा आलेख पडद्यावर आणावा. डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड, अशी त्याची मांडणी असते; डोंगराची रांग उजव्या कडेला आपटून तुटल्यासारखी दिसली की पर्जन्यमापक वाहून गेले असे समजावे. समईची ज्योत किंवा प्रत्यक्ष सूर्य याने ती कड थोडी गाठली तर हरकत नाही. कपाळावरच्या कातडीने गाठता कामा नये.

फ्लॅशचे ब्रॅकेटिंग म्हणजे एकाच्या ऐवजी तीन चमका, हेही ध्यानात असावे. तान्ह्या मुलाच्या पाळण्यावर ती पाळी आणू नये. आणि अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांत तर फ्लॅशला मुळातच मनाई आहे. तेथे आय.एस.ओ. वाढवून, असलेल्या उजेडातच आपला प्रश्न विचारावा.

आता राहता राहिली एक बारीकशी गोष्ट. काम झाले की ब्रॅकेटिंग बंद करावयाचे असते. कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांत कॅमेरा बंद केला की साधे ब्रॅकेटिंग सामान्यतः आपोआप रद्द होते. निकॉनच्या कॅमेऱ्यांत आपण स्वतः रद्द करीपर्यंत ते तसेच राहते, मग मध्ये आठ दिवस का लोटेनात. अशा कॅमेऱ्यात पुढच्या रविवारी एक चित्र बरे, एक काळे, एक पांढरे अशा ठरलेल्या क्रमाने चित्रे येऊ लागली, तर दुरुस्तीच्या दुकानाची वाट धरण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यात ‘बी.के.टी.’ अशी खूण आहे काय ते एकदा पाहावे.